मदत हवी आहे: टीबी आणि एचआयव्ही दोन्ही निघालं, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) थांबवून का ठेवलंय?

नमस्कार. घरातली गोष्ट आहे म्हणून नवीन आयडीवरून लिहितेय.

माझे काका, वय ४८, सोलापूर जिल्ह्यात राहतात. दिवाळीपासून बारीक ताप, रात्री घामाने बनियन ओलंचिंब, वजन झपाट्याने उतरलं. तोंडात पांढरा थर यायचा, त्याला सगळे 'उष्णता' म्हणत गुलकंद देत राहिले. थुंकीत काही निघालं नाही. मानेला गाठी आल्या तेव्हा सुई घालून तपासलं आणि सीबीनॅटमध्ये (टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) टीबी निघाला. रिफाम्पिसिनला (टीबीच्या मुख्य औषधाला) रेझिस्टन्स नाही. मग एचआयव्ही तपासला, तोही पॉझिटिव्ह. सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ८६, म्हणजे फारच कमी.

सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यात, शिवाय एक मोठी पांढरी गोळी रोज. एआरटी मात्र 'दोन आठवड्यांत बघू' म्हणतात. चुलतभाऊ चिडलाय, ८६ वर थांबायचं कशाला, खासगीत जाऊन लगेच सुरू करू म्हणतो. एक लॅबवाला वेस्टर्न ब्लॉट ही एचआयव्हीची आणखी एक रक्तचाचणी करून 'पक्कं' करून घ्या म्हणतोय, तो खर्च करावा का? काकू तपासणीला तयार नाहीत. आजीने काकांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. आणि खासगी लॅबमधून बातमी गल्लीत कशी पोचली देव जाणे.

कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

निवृत्त_टेक्निशियन:
ताई, आधी चाचणीचं. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात) एकाच किटवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. पहिलं किट संसर्ग सुटू नये म्हणून जास्त संवेदनशील असतं, त्यामुळे क्वचित खोटं रिअ‍ॅक्टिव्ह दाखवतं. म्हणून पुढची किटं वेगळ्या अँटिजेनची (विषाणूचा वेगळा भाग वापरणारी) किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारी घेतात. काकांचा रिपोर्ट आयसीटीसीचा असेल तर वेस्टर्न ब्लॉटला पैसे घालू नका. फक्त खासगी लॅबचा असेल तर आयसीटीसीत पुन्हा करून घ्या, फुकट होतं.

थुंकी निगेटिव्ह आली याचं नवल नाही. प्रतिकारशक्ती इतकी उतरली की टीबी बऱ्याचदा गाठींत, पोटात, फुफ्फुसाच्या आवरणात सापडतो. सीडीफोरचा आकडा टीबीमुळेही आणखी खाली जातो, त्यामुळे ८६ बघून धीर सोडू नका.

काढा_प्रेमी:
गुळवेल आणि अश्वगंधा रोज द्या. माझ्या ओळखीतले एक जण गोळ्यांशिवाय बरे झाले.

रोजची_गोळी:
वरचे साहेब, दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नका. संपादक मंडळ, तो प्रतिसाद उडवा.

ताई, मी स्वतः बारा वर्षांपासून एआरटीवर आहे आणि माझंही टीबीपासूनच सुरू झालं. डॉक्टर चालढकल करत नाहीयेत. आधी टीबीची औषधं अंगी लागू द्यायची, मग साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी, हीच रीत आहे. दोन्ही एकदम सुरू केली आणि उलट्या, पुरळ किंवा कावीळ झाली, तर कुठल्या गोळीमुळे ते कळत नाही. दुसरं, एआरटीने प्रतिकारशक्ती जागी झाली की ती टीबीवर तुटून पडते. ताप परत येतो, गाठी फुगतात. इंग्रजीत त्याला आयरिस म्हणतात. माझी मानेची गाठ लिंबाएवढी झाली होती. तेव्हा घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत, सेंटरला जायचं.

एक मात्र आजच विचारा. काकांचं डोकं सतत दुखतं का, मान आखडते का, उलट्या होतात का? मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा क्रिप्टोकॉकस बुरशी असेल तर एआरटी चार आठवडे किंवा त्याहून पुढे ढकलतात, घाई जिवावर बेतते. इतक्या कमी सीडीफोरला बुरशीसाठी रक्ताची क्रॅग टेस्ट करतात. झाली का विचारा.

पांढरी गोळी बहुतेक कोट्रायमोक्सझोल. एका जातीच्या न्यूमोनियापासून आणि मेंदूच्या टॉक्सोप्लाझ्मापासून वाचवते. अंगावर पुरळ आलं तर लगेच दाखवा. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, आधीच सांगून ठेवा, नाहीतर रक्त जातंय समजून घरात रडारड होते (आमच्याकडे झाली होती).

समुपदेशक_विदर्भ:
काकूंना कुणी नातेवाइकाने समजावण्यापेक्षा आयसीटीसीच्या समुपदेशकाशी एकट्याने बोलू द्या. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करायची, तोवर निरोध. मुलांचं काकूंच्या रिपोर्टवरून ठरवतात. आजींना सांगा, ताट-तांब्यातून एचआयव्ही पसरत नाही, टीबीसुद्धा नाही. टीबी खोकल्यातून पसरतो, म्हणून काकांच्या छातीचा एक्स-रे झाला नसेल तर करून घ्या.

लॅबने नाव फोडलं असेल तर तो २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचा भंग आहे. नोकरीवरूनही या कारणाने काढता येत नाही. गावाजवळच्या सेंटरला जायची लाज वाटत असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एआरटी सेंटरला नाव घालता येतं. १०९७ ही हेल्पलाइन फुकट आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. क्रॅग निगेटिव्ह आली. कालपासून एआरटी सुरू झाली, सकाळी टीएलडी (तीन औषधांची एकच गोळी, त्यात डोलुटेग्राविरही असतं) आणि संध्याकाळी डोलुटेग्राविरची एक जास्तीची. काकूंनी टेस्ट केली, निगेटिव्ह आहे. आजी अजून ऐकत नाही. संध्याकाळची गोळी कधीपर्यंत? आणि काका दिवसभर ॲसिडिटीचं पातळ औषध पितात, चालेल का?

रोजची_गोळी:
रिफाम्पिसिन डोलुटेग्राविरला लवकर शरीराबाहेर काढतं, म्हणून बारा तासांनी ती दुसरी गोळी. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही आणखी दोन आठवडे चालू ठेवायची, सेंटरवाले तारीख सांगतील. ॲसिडिटीच्या औषधाने डोलुटेग्राविर पोटात नीट शोषलं जात नाही. गोळी त्याच्या निदान दोन तास आधी घ्या किंवा सहा तास नंतर. दिवसातून दोन गोळ्या असताना हे गणित जमवणं कठीण, तेव्हा पुढच्या भेटीला ती बाटली सोबत न्या, बदलून देतील.