काळं अस्वल, पांढरं पाणी आणि तो शॅडोजचा स्लायडर

धबधब्यावर मासे पकडणाऱ्या अस्वलांच्या फोटोंच्या या धाग्यात, अस्वल काळं ठिक्कर येतंय म्हणून एडिट करताना शॅडोज (फोटोतला गडद भाग उजळवणारा स्लायडर) पूर्ण उजवीकडे न्या असा सल्ला वर कुणीतरी दिलाय तो मला तरी पटला नाही, ओली फर नुसती उचलली की मातकट दिसते आणि नॉइज (दाणेदारपणा) येतो तो वेगळाच. खरी गोची फोटो काढतानाच होते. अलास्कातल्या ब्रूक्स फॉल्स या धबधब्यावर निम्मी फ्रेम फेसाळ पाणी असतं, ते बघून कॅमेरा सगळंच अंडर म्हणजे गडद करतो, आणि झूम करून अस्वलानेच फ्रेम भरली की उलटं, फेस जळून जातो, म्हणजे नुसता पांढराफट्ट. त्यामुळे मॅन्युअलवर ठेवा, फेसातला डिटेल जेमतेम टिकेल इतकंच एक्स्पोजर (उजेड), आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल! जळालेला फेस परत येत नाही, अस्वल येतं. मग एडिटमधे मास्क (निवडलेल्या भागापुरताच बदल) फक्त अस्वलावर, थोडं एक्स्पोजर, मानेवरच्या ओल्या केसांच्या बटांवर किंचित टेक्स्चर (बारीक तपशील उठवणारा स्लायडर), बास.

शटर १/२००० सेकंदाच्या आसपास. ढगाळ असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा, बिनधास्त. ढगाळच बरं खरं तर, कॉन्ट्रास्ट आपोआप कमी होतो.

आणि फोटोंमधले ते लाल मासे... जुलैत धबधब्यावर उड्या मारणारा सॉकाय (सॅमन माशाची एक जात) चंदेरी असतो, लाल होतो तो नंतर अंडी घालायच्या वेळेला. जुलैच्या फोटोत सॅच्युरेशन ओढून मासा टोमॅटोसारखा केला की जाणकाराला लगेच कळतं. (लाईक्स मिळतात ते सोडा.) क्रॉप करताना मासा ज्या बाजूने येतोय तिकडे जागा ठेवा, धाग्यात वर टाकलेल्या दुसऱ्या फोटोत नेमकी तीच कापलीये.