नव्या देशात आपलं स्वागत होईल का, ही भीती बाळगण्यात चूक काय?

निघालेली (धागाकर्ती)

दोन महिन्यांनी देश सोडतेय. व्हिसा हातात आहे, नोकरी पक्की आहे, राहायची तात्पुरती सोयही झाली आहे. तरीही रात्री झोप लागत नाही, आणि कारण कुणी विचारलं तर सांगायला संकोच वाटतो. तिथल्या लोकांना मी नकोशी वाटले तर?

हे बोलून दाखवलं की दोनच उत्तरं येतात. 'अगं, चांगली असतात माणसं, काही होत नाही,' हे एक. 'तू कामाला चाललीस ना, लोकांशी काय देणंघेणं?' हे दुसरं. दोन्ही ऐकून मी अजून एकटी पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजानुसार आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहणारी माणसं 30 कोटी 40 लाख आहेत. एवढ्या सगळ्यांनी कधी ना कधी अनोळखी दारावर पहिली थाप मारली असेल. तरी कागदपत्रांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, आणि पहिल्या आठवड्यात समोरचा नजर चुकवून निघून गेला तर रात्री स्वतःला काय सांगायचं, हे कुणी लिहीत नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. ही भीती दुबळेपणाची नाही, रास्त आहे. 'सकारात्मक राहा' म्हणून ती दाबणं चूक आहे. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

भीती वाटणं रास्त, पण ती जे भाकीत करते ते बहुतेक वेळा खोटं निघतं. माझा विरोध तेवढ्यापुरता.

रिचर्ड लापिएर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. त्या काळी तिथे चिनी लोकांविषयी उघड आकस होता. 1930 पासून दोनेक वर्षं ते एका तरुण चिनी जोडप्याबरोबर देशभर मोटारीने फिरले. हॉटेलं, खानावळी, मुक्कामाच्या जागा मिळून 251 ठिकाणी ते गेले. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर सहा महिन्यांनी लापिएरनी त्याच जागांना पत्रं पाठवून विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? 128 उत्तरं आली आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'नाही' लिहिलं. 1934 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

म्हणजे ज्या हातांनी खोलीची किल्ली पुढे केली होती, तेच हात कागदावर दार लावत होते. ताई, तुम्ही आत्ता त्या देशाबद्दल जे वाचताय, बातम्या, टिप्पण्या, सर्वेक्षणं, ती सगळी कागदावरची उत्तरं आहेत. तुम्ही समोर उभ्या राहाल तेव्हा माणूस वेगळा वागेल.

कोरा कागद

उंबरठा, तुमच्या उदाहरणातला अर्धा भाग सुटला. ते जोडपं अस्खलित इंग्रजी बोलणारं, नीटनेटकं, हसतमुख होतं, आणि गाडीत एक गोरे प्राध्यापक होते. जी बाई अडखळत बोलते, एकटी येते, तिला काय मिळालं असतं? शिवाय पत्राला उत्तर देणारा मालक आणि काउंटरवरचा माणूस एकच होता कशावरून? 'तेच हात' हे तुमचं गृहीत आहे.

दुसरं, अधिक महत्त्वाचं. हल्ली आपण लोकांसमोर आधी उभे राहतच नाही, आधी आपला कागद जातो. घरासाठी अर्ज, नोकरीसाठी अर्ज. कॅनडात फिलिप ओरियोपुलोस या अर्थतज्ज्ञाने टोरंटोतल्या नोकऱ्यांना बनावट बायोडेटा हजारोंच्या संख्येने पाठवले. 2011 साली निष्कर्ष छापून आला. भारतीय, पाकिस्तानी, चिनी, ग्रीक नावांना इंग्रजी नावांपेक्षा कमी बोलावणी आली. भाषा उत्तम येते, नामांकित ठिकाणी शिकलो, मोठ्या कंपनीत काम केलं, असं लिहूनही तो फरक कमी झाला नाही. या माणसांना हसून बोलायची संधी मिळालीच कुठे?

मी स्वतः त्यातून गेलोय (देश वेगळा). चार महिने अर्ज करत होतो. एका मित्राने सुचवलं म्हणून नावाचं तिथल्या जिभेला सोपं रूप करून तोच बायोडेटा पुन्हा पाठवला. ज्या जागेने आधी साधी पोचही दिली नव्हती, तिथून तिसऱ्या दिवशी फोन आला. फोनवर पलीकडून ते नाव उच्चारलं गेलं आणि 'हो, मीच' म्हणायला मला दोन श्वास लागले. नोकरी मिळाली. मग वर्षभर कुणी त्या नावाने हाक मारली की वळायला मला क्षणभर उशीर व्हायचा.

म्हणून धागाकर्तीशी मी पूर्ण सहमत आहे. तिची भीती अंदाज बांधत नाही, ती अनुभवाचं ऐकते आहे.

उंबरठा

तुमच्या नावाचं वाचून वाईट वाटलं. ते नाकारण्याचा माझा हेतू नाही, आणि अर्जाच्या टप्प्यावर भेदभाव होतो हे मान्यच. 'तेच हात' हेही मागे घेतो.

पण लापिएरबद्दल एक सांगायला हवं. प्राध्यापक सोबत होते म्हणून जमलं, ही शंका त्यांनाही आली होती. जमेल तिथे ते मुद्दाम मागे रेंगाळत, गाडी-सामान बघत, आणि खोलीची बोलणी त्या मित्राला करू देत. भाषेचा मुद्दा मात्र तुमचा बिनतोड आहे.

माझं म्हणणं आता नेमकं करतो. भेदभाव दोन ठिकाणी राहतो, कागदावर आणि नजरेत. कागदावरच्याशी कायद्याने, तक्रारीने, चिकाटीने लढायचं. नजरेतला मात्र आपण पुष्कळदा स्वतःच भरून घेतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा 2018 चा अभ्यास आहे. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि नंतर विचारलं, समोरच्याला तुम्ही किती आवडलात? बहुतेकांनी अंदाज कमी बांधला. प्रत्यक्षात ते त्याहून जास्त आवडले होते. हे स्वतःच्याच देशात होतं, तर परक्या देशात, परक्या भाषेत किती होत असेल?

पाऊलखूण

मला मुळात 'स्वागत' हा शब्दच खटकतो. स्वागत पाहुण्याचं होतं आणि पाहुण्याने कधीतरी निघायचं असतं. तुम्ही कर भरणार, नियम पाळणार, काम करणार. त्या बदल्यात हक्क मिळतात. कुणी हसून बघितलं की नाही, याच्या टांगणीला जीव का लावायचा? कौतुकाची अपेक्षा ठेवली नाही तर अपमानही निम्मा होतो.

सावली

पाऊलखूण, मान ठेवून सांगते, हे तुम्ही बहुतेक एकट्याने राहून लिहिताय. मूल शाळेत घातलं की हक्कांनी भागत नाही.

आमच्या मुलीच्या शाळेच्या फाटकाशी दुपारी पालक जमायचे. घोळका करून बोलत, आणि मी तीन हात अंतरावर, हातात तिचं जॅकेट घेऊन. कुणी वाईट वागलं नाही, हे मुद्दाम लिहितेय. कुणी काही बोललंच नाही. सगळे हसले की मीही हसायचे, अर्ध्या क्षणाने उशिरा, कारण विनोद कळलेला नसायचा. अशी आठ-नऊ महिने मी रोज दहा मिनिटं उभी होते. याची तक्रार कुठल्या कायद्यात बसवणार?

एक दिवस पाऊस आला. घोळक्यातल्या एका बाईने काही न बोलता छत्री माझ्या बाजूला झुकवली. तिचा दुसरा खांदा भिजत होता. मग तिने माझं नाव विचारलं, चुकीचं म्हटलं, पुन्हा विचारलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा मी तिला तोडून तोडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने ते बरोबर म्हटलं, म्हणजे घरी जाऊन घोकलं असणार. त्या एका बाईमुळे मी त्या गावात राहिले, असं म्हटलं तरी चालेल.

उंबरठा, तुमचा अभ्यास खरा असेलही. कदाचित त्या सगळ्यांना मी पहिल्या दिवसापासून बरी वाटत असेन. पण मनातल्या मनात आवडणं मला नऊ महिने पोचलं नाही. स्वागत म्हणजे ते पोचवणं. ते काम फक्त येणाऱ्याचं नाही.

पाऊलखूण

सावलीताई, मी एकटाच राहतो, ते तुम्ही बरोबर ओळखलंत. छत्रीचं वाचून थांबलो. तरी मत पूर्ण बदलत नाही. ती बाई भेटली नसती तर? जे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्यावर पाय रोवता येत नाहीत, एवढंच म्हणतो.

तिसरा मजला

'पहिले काही महिने मस्त, मग निराशा, मग रुळतो' असं जे सगळीकडे सांगतात त्याबद्दल थोडं. याचं मूळ नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांच्या 1955 च्या अभ्यासात आहे. अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियन लोकांशी ते बोलले. सहा ते अठरा महिने राहिलेले लोक कमी रुळलेले आढळले. त्याहून कमी किंवा जास्त राहिलेले बरे होते.

पण ते एकाच व्यक्तीचं अठरा महिन्यांचं निरीक्षण नव्हतं, वेगवेगळ्या लोकांची तुलना होती. 1998 साली कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा आल्यापासून पाठपुरावा केला, तेव्हा सर्वात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. म्हणून धागाकर्तीला आग्रहाने सांगतो, पहिल्याच महिन्यात रडू आलं तर 'हा तर मजेचा काळ असायला हवा होता, माझंच काहीतरी बिघडलंय' असं समजू नका.

आणि वेळेचा हिशोब मनात असू द्या. जेफ्री हॉल यांनी नुकतंच घर बदललेल्या साडेतीनशेहून अधिक प्रौढांना नव्या ओळखींबद्दल विचारलं. ओळखीतून साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले सुमारे 50 तास लागतात, खऱ्या मैत्रीला 90, आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त, असा त्यांचा 2018 सालचा अंदाज आहे. ऑफिसात शेजारी बसून काम करण्याचे तास मात्र तितके उपयोगी पडत नाहीत. सावलीताईंच्या फाटकाशी रोजची दहा मिनिटं, तीही न बोलता. एवढ्यावर मैत्री होणारच नव्हती. त्यात त्यांचा दोष नव्हता, आणि त्या घोळक्याचाही कदाचित पूर्ण नव्हता.

कोरा कागद

'घोळक्याचाही दोष नव्हता' हे मी मान्य करणार नाही. दहा जणांना एकीकडे वळणं सोपं असतं की एकीला दहांमध्ये शिरणं? ज्याला सोपं आहे त्याने आधी हलावं.

सावली

हेच. तरी मीही छत्री नेली असती तर कुणाकडे झुकवली असती का, हा प्रश्न मला अजून पडतो. आता फाटकाशी नवीन कुणी दिसलं की मी जाऊन नाव विचारते आणि दोनदा म्हणून बघते.

निघालेली (धागाकर्ती)

सगळं दोनदा वाचलं. उंबरठा, समोर आलेला माणूस वेगळा वागेल हे पटलं. तुटकपणाचा अर्थ 'मी नको' असा लगेच लावायचा नाही, हे लक्षात ठेवेन. पण भीती खोटी ठरेल यावर अजून विश्वास नाही, आणि कोरा कागद यांचे ते दोन श्वास वाचल्यावर तर नाहीच. माझं नाव लांब आहे आणि जोडाक्षराचं आहे. ते मी बदलणार नाही. काल आरशासमोर ते तोडून, सावकाश, हसत सांगायचा सराव केला. आधी विचित्र वाटलं, मग नाही.

तिसरा मजला, तुमचा तासांचा हिशोब सगळ्यात उपयोगी पडला. त्या शहरात हौशी लोकांचा एक समूहगान वर्ग आहे, दर मंगळवारी दीड तास. सूर बरा आहे, भाषा कच्ची आहे, येऊ का, अशी मेल आज टाकली. 90 तासांच्या हिशोबाने साठ मंगळवार होतात. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन, नाही आलं तरी लिहीन.