मुंडके उडालेला रुग्ण आणि प्राध्यापकाची सही

धागाकर्ता: समासखूण

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या ग्रंथालयातील अठराव्या शतकातील देवघेवीच्या नोंदवह्यांचा दाखला देऊन येथील डॉ. जुनाट यांनी काल असा निकाल दिला की, कादंबऱ्या घरी नेणाऱ्या त्या विद्यार्थ्यांनी वैद्यकाची टवाळी तेवढी पाठ केली आणि अभ्यास वाऱ्यावर सोडला. हे वाचून गप्प बसवले नाही. पुस्तक न्यायचे तर विद्यार्थ्याला प्राध्यापकाची सही लागे. ही काही चोरवाचनाची गोष्ट नव्हती. शिवाय ज्या कादंबरीकार स्मॉलेटवर आपला राग आहे, तो शल्यवैद्याकडे उमेदवारी केलेला आणि स्पेनविरुद्धच्या १७४१ च्या कार्ताहेना मोहिमेत ब्रिटिश आरमारात काम केलेला माणूस होता. त्याच्या ‘रॉडरिक रँडम’ या कादंबरीत (१७४८) शल्यवैद्यकाचा परीक्षक विचारतो, समुद्रावरील लढाईत मुंडके उडालेला माणूस समोर आणला तर काय करशील? उमेदवार नम्रपणे सांगतो की, असा रुग्ण आपल्या पाहण्यात आलेला नाही आणि त्यावरचा उपचारही कुठे वाचलेला नाही. तोंडी परीक्षा दिलेल्या कोणाही डॉक्टरने हे वाचून हसू आले नाही असे शपथेवर सांगावे.

डॉ. जुनाट

हसू आले; पण सही म्हणजे संमती नव्हे. प्राध्यापक मुलांच्या कटकटीला कंटाळूनही सही करतात, मीही केल्या आहेत. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्रात मी नापास झालो तो वसतिगृहात रात्र रात्र विनोदी पुस्तके वाचल्यामुळेच, तेव्हा हा अनुभव ऐकीव नाही.

निवृत्त ग्रंथपाल

आपल्या नापाशीचे खापर पुस्तकांवर फोडू नये. १७१० च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये नोंदलेल्या पुस्तकाची प्रत या विद्यापीठाला मिळत असे आणि हा हक्क १८३६ पर्यंत टिकला. त्यामुळे कोणी मुद्दाम निवडली नसतील अशी पुस्तकेही फडताळात येऊन बसत. माझी तक्रार वेगळीच आहे: वाचा, पण समासात शेरे मारू नका. पस्तीस वर्षे मी खोडरबर घेऊन बसले आहे.

विकल्प

मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. याच विद्यापीठाने त्या काळी वर्गात न बसवता, वैद्यांच्या शिफारसपत्रांवर एम.डी. दिल्या. फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी ज्याँ-पॉल मारा १७७५ साली तिथला एम.डी. झाला. अशा संस्थेतल्या मुलांनी वैद्यांवरचा उपहास वाचायचा नाही, तर कोणी वाचायचा?

डॉ. जुनाट

मारा आठवला, जेनर सोयीने विसरलात! त्यालाही १७९२ साली तिथलीच एम.डी. मिळाली आणि चारच वर्षांनी त्याने देवीची लस टोचली. आपल्या दंडावर लहानपणीची खूण असेल तर आरशात पाहून मग शिफारसपत्रांना हसावे.

विकल्प

जेनर आधीच वर्षानुवर्षे वैद्यकी करत होता. पदवीने त्याला शहाणे केले नाही, हेच मी म्हणतो आहे. ‘वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर’ म्हणणाऱ्याने तर कोणाची सहीही घेतली नव्हती.

डॉ. जुनाट

हे सुभाषित मला माझ्याच लग्नात ऐकवले गेले आहे. आता पुरे.

धागाकर्ता: समासखूण

पदव्यांचे भांडण वेगळ्या धाग्यावर न्यावे. मुद्दा एवढाच राहतो की, तिथे वैद्यकाचे अध्यासन असले तरी वर्गात बसून वैद्यक शिकणारे फारसे नव्हतेच. ग्रंथालयातून पुस्तके नेणारी मुले मुख्यतः कला आणि धर्मशास्त्र शाखांची होती आणि त्यांतली कित्येक तर चौदा-पंधरा वर्षांची होती. त्यांनी वैद्यकाचा अभ्यास बुडवला म्हणणे म्हणजे नसलेल्या शेतात गुरे चरली म्हणणे आहे.

डॉ. जुनाट

असे असेल तर अभ्यास वाऱ्यावर सोडल्याचे वाक्य मी मागे घेतो. टवाळी पाठ केल्याचे घेणार नाही. ती मुले भावी डॉक्टर नव्हती, भावी रुग्ण होती. रुग्णांनी हा उपहास खुशाल वाचावा, फक्त माझ्या प्रतीक्षाकक्षात मोठ्याने वाचू नये.

निवृत्त ग्रंथपाल

आणि पेन्सिल घरी ठेवून वाचावा.