मदत हवी आहे: नव्या पदवीधरांच्या बेरोजगारीवरील उपायांतून निवड कशी करावी?

नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवतो. आमच्या माजी विद्यार्थी संघाला जिल्हा नियोजन समितीपुढे एक टिपण ठेवायचे आहे आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अलीकडे पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना काम मिळावे म्हणून शासन, विद्यापीठ आणि उद्योग यांनी काय करावे, हा त्याचा विषय. उपायांची यादी कोणीही करील. पण त्यातला कोणता उपाय खरोखर नवे काम निर्माण करतो आणि कोणता रांगेतली माणसे फक्त पुढेमागे करतो, हे कशावरून ठरवावे, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ साली निघालेल्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतील बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत तो ३.४ टक्के होता. शिक्षण वाया जाते असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल, कारण ज्याचे हातावर पोट आहे त्याला बेकार राहणेच परवडत नाही. आपल्या भागात घरी थोडा ऊस असला आणि दूध संघाला दूध जात असले की मुलाला दोन-चार वर्षे स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसवणे घराला झेपते. मुलींचे गणित वेगळे असते. त्यांना पदवीपर्यंत शिकवले जाते, पण शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला पाठवायचे म्हटले की घरातली चर्चा तिथेच थांबते, आणि पाळी सुटल्यावर गावाकडे जाणारी एसटी नसते ही अडचण कोणत्याही रोजगार योजनेत विचारात घेतलेली मला दिसली नाही.

मागणीची बाजू पाहावी, तर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील उद्योजक माणसे मिळत नाहीत अशीच तक्रार करतात. त्यांना सीएनसी ऑपरेटर (संगणक-नियंत्रित यंत्र चालवणारे), मोल्डर (ओतकामाचे साचे करणारे), गुणवत्ता तपासणारे हवे असतात आणि फाउंड्रीतले (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातले) अंगमेहनतीचे बरेचसे काम आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार करतात. बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्या मुलाला या यादीत जागा नाही, बी.कॉम. झालेल्याला हिशेब आणि जीएसटीच्या कामात थोडीफार आहे.

पहिला पर्याय विद्यावेतनाचा. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये सहा महिने मिळत. पुढे ती मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र वाढीव महिन्यांनी सुटला नाही, आणि तो प्रशिक्षणार्थ्यांनीच जाहीरपणे विचारला. जॉर्डनमध्ये महाविद्यालयीन तरुणींना नोकरीवर ठेवणाऱ्या मालकांना सहा महिने किमान वेतनाइतके अनुदान देऊन पाहिले, तेव्हा अनुदान चालू असताना कामावरच्या मुलींचे प्रमाण खूप वाढले, पण ते बंद होताच हा परिणाम जवळजवळ पूर्ण ओसरला. हा धोका आपल्या योजनेलाही आहे, असे मला वाटते.

दुसरा पर्याय शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे विद्यावेतन घेत कारखान्यातच काम शिकण्याचा, आणि माझा कल याच्याकडे आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. सध्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. आपल्या उद्यमनगरातले किती कारखाने या दुसऱ्या गटात मोडतात हे सांगायला नको. लहान कारखानदाराला विद्यावेतनापेक्षा कागदपत्रांचे आणि शिकवायला माणूस मोकळा ठेवण्याचे ओझे जास्त वाटते, म्हणून अशा आठ-दहा कारखान्यांनी मिळून उमेदवार घ्यावेत, त्यांचे कागद एका सामाईक कार्यालयाने सांभाळावेत आणि शेवटचे सत्र विद्यापीठाने श्रेयांक (पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट) म्हणून धरावे, अशी सूचना टिपणात करण्याचा विचार आहे. हे इतरत्र कुठे चालू असल्यास कृपया कळवावे.

नोकरी मेळावे आणि समुपदेशन हा तिसरा पर्याय स्वस्त असल्यामुळे लोकप्रिय आहे. फ्रान्समध्ये सुशिक्षित बेकार तरुणांवर २३५ रोजगार क्षेत्रांत याचा मोठा प्रयोग झाला. मदत मिळालेल्यांना आठ महिन्यांनी स्थिर नोकरी मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली, परंतु तो लाभ टिकला नाही आणि त्यातला काही भाग मदत न मिळालेल्या तरुणांच्या संधीतून आलेला होता. जिथे मुळात नोकऱ्या कमी, तिथे हे अधिक घडले. माझी शंका नेमकी हीच आहे.

स्वयंरोजगारासाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान आहे. बाविसाव्या वर्षी, कोणाच्याही हाताखाली काम न करता कर्ज काढावे, असे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगणार नाही. त्यामुळे टिपणात याला एकच परिच्छेद असेल.

सर्वांत अवघड मुद्दा स्पर्धा परीक्षांचा. राज्य सेवेतील बहुतेक पदांसाठी वयोमर्यादा २०१६ पासून खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षे आहे. ही सवलत ग्रामीण मुलांसाठी न्याय्य आहे, हे मला मान्य आहे. पण तिच्यामुळे प्रतीक्षाही लांबते. जागा कमी निघाल्या की मुले आपोआप खासगी कामाकडे वळतील, असे अनेकांना वाटते. तमिळनाडू सरकारने २००१ ते २००६ या काळात बहुतेक भरती थांबवली होती, तेव्हाच्या पदवीधरांच्या अभ्यासात उलटे आढळले: ते अधिक काळ बेकार राहून तयारीच करत राहिले आणि त्याचा फटका त्यांच्या पुढच्या कमाईलाही बसला. म्हणून भरतीचे निश्चित वेळापत्रक, वेळेवर निकाल, आणि थोडक्यात संधी हुकलेल्यांचे गुण खासगी मालकांना ग्राह्य वाटतील अशा रीतीने उपलब्ध करून देणे, या तीन गोष्टी मी सुचवू पाहत आहे. तिसरी व्यवहारात कशी उतरेल, याबद्दल प्रशासनात काम केलेल्यांनी लिहावे.

आणखी एक अडचण मोजणीची आहे. राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात मागील सात दिवसांत एक तास काम केलेली व्यक्तीही चालू साप्ताहिक निकषाने रोजगारात धरली जाते आणि घरच्या गोठ्यात विनावेतन राबणारा पदवीधरही काम करणाराच ठरतो. त्यामुळे आम्ही आमच्याच पदवीधरांना सहा आणि अठरा महिन्यांनी फोन करून पाहणी करणार आहोत. प्रश्न कोणते विचारावेत, म्हणजे घरचे काम, ठेकेदाराकडचे काम आणि कायम नोकरी वेगवेगळी दिसतील?

भर: एका सदस्याने विचारले म्हणून लिहितो. पुण्याला गेलेल्या मुलांना आम्ही यशस्वी धरणार आहोत. जिल्ह्यातच थांबले पाहिजे अशी अट नाही. मात्र पगारासोबत खोलीभाडे किती, हेही विचारणार आहोत. कारखानदार सदस्यांनी, शिकाऊ उमेदवार घेतले असल्यास मुदतीनंतर त्यांतले किती ठेवले आणि बाकीचे का सोडले, एवढे तरी अवश्य सांगावे.