मदत हवी आहे : जाहिरात विक्रीची नोकरी आणि थकबाकीची अट (बडोदे)

नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजार भागात राहते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली असून सध्या विमा विक्रीचे काम करते. जाहिरात विक्रीच्या क्षेत्रात जाण्याचे ठरवले आहे आणि दोन ठिकाणांहून बोलावणे आले आहे. निवड करण्यापूर्वी या व्यवसायातील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

पहिली जागा एका गुजराती दैनिकाच्या जाहिरात विभागात आहे. तिथे पगार ठरलेला आणि बरा आहे. मात्र दरमहाचे टार्गेट बाराही महिने सारखेच आहे. दुसरी जागा अलकापुरीतील एका ॲड एजन्सीत आहे. तिथे पगार कमी असला तरी इन्सेंटिव्ह भरपूर सांगितला आहे. तो बुक केलेल्या जाहिरातीवर न मिळता ग्राहकाकडून प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर मिळणार आहे. शिवाय 90 दिवसांनंतरही येणे राहिल्यास ते माझ्या पगारातून वळते करण्याचा अधिकार एजन्सीला राहील, असे एक कलम नियुक्तीपत्रात आहे. अशी अट या धंद्यात रूढ आहे का? वसुलीच करायची तर बँकेत कर, असे वडिलांचे म्हणणे आहे, आणि ते मला अगदीच चुकीचे वाटत नाही.

आणखी दोन शंका आहेत. रावपुरा, मंगळबाजार या भागांतील व्यापाऱ्यांशी गुजरातीत बोलण्यात मला काही अडचण नाही, पण माझे लेखी गुजराती कच्चे आहे. त्याने काम अडेल का? तसेच, आधी जाहिरातशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम करणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद १

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. विक्रीसाठी अभ्यासक्रमाची गरज नाही. पुढे नियोजनाच्या किंवा ब्रँडच्या बाजूला वळावेसे वाटल्यास अहमदाबादची मायका ही संस्था आहे, पण तो विचार दोन-तीन वर्षे बाजारात फिरून झाल्यावर करावा.

इन्सेंटिव्ह वसुलीवर देणे रूढ आहे, आणि त्यामागचा हिशेब समजला की ते अन्यायाचेही वाटत नाही. वर्तमानपत्रातील जागा चौरस सेंटीमीटरने विकली जाते. समजा, 10 सेंटीमीटर रुंद आणि 8 सेंटीमीटर उंच जाहिरात आहे आणि दर 200 रुपये आहे. म्हणजे बिल 16,000 रुपयांचे झाले (जीएसटी तूर्त बाजूला ठेवू). मान्यताप्राप्त एजन्सीला त्यावर 15 टक्के, म्हणजे 2,400 रुपये कमिशन सुटते आणि उरलेले 13,600 रुपये तिला ठरलेल्या मुदतीत वर्तमानपत्राकडे भरावेच लागतात, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. एक ग्राहक बुडाला की तशा जवळजवळ सहा जाहिरातींची कमाई त्यात जाते. त्यातून आपले ओळखीचे व्यापारी कमिशनातला वाटा परत मागतात आणि स्पर्धेपायी एजन्सी तो देतेही, म्हणजे 2,400 सुद्धा पुरते हाती राहत नाहीत. त्यामुळे विक्री करणाऱ्यानेच माणूस पारखून उधार द्यावे, अशी एजन्सीची अपेक्षा असते.

पगारातून कापण्याचे कलम मात्र मुळीच मान्य करू नका. उधार द्यायचे की नाही हे मालक ठरवणार आणि नुकसान तुम्ही सोसणार, ही वाटणी सरळ नाही. इन्सेंटिव्ह रोखून धरणे आणि पगार कापणे यांत फार अंतर आहे. ते कलम काढून टाकावे, किंवा नव्या ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेण्याचा अधिकार तुम्हाला लेखी द्यावा, असे स्पष्टपणे सांगा. यावर ते काय म्हणतात, त्यावरून संस्थेची आर्थिक प्रकृतीही कळेल.

दैनिकातील टार्गेटविषयी बोलायचे तर बडोद्याचा बाजार वर्षभर एकसारखा चालत नाही. श्राद्धपक्षात तो थंड असतो आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत गरब्याचे प्रायोजक, सराफ, वाहन विक्रेते यांच्यामुळे जागा अपुरी पडते. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरता (शुभकार्यांसाठी वर्ज्य मानला जाणारा काळ) असल्याने बांधकाम व्यावसायिक नव्या योजना सहसा जाहीर करत नाहीत. बोर्डाचे निकाल लागले की शिकवणीवर्गांची गर्दी होते. हे माहीत असूनही एखादे दैनिक बारा महिने सारखे टार्गेट देत असेल, तर वर्षाच्या एकूण आकड्यावर हिशेब होतो की दर महिन्याच्या, हे विचारून घ्या. दर महिन्याचा असल्यास निम्मे वर्ष इन्सेंटिव्ह मिळणार नाही असे धरूनच पगाराची तुलना करा. तुमच्या जागी मी असतो तर ते कलम निघाल्यास एजन्सी घेतली असती, कारण तिथे वर्तमानपत्र, रेडिओ आणि होर्डिंग अशी तिन्ही माध्यमे विकायला शिकता येतात.

प्रतिसाद २

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे. तुमच्या लेखी गुजरातीच्या प्रश्नाला मात्र मी अधिक महत्त्व देईन. फोन नंबरातील एक अंक किंवा सवलतीचा आकडा चुकून छापला गेला की ग्राहक बिल अडवतो, आणि वसुलीवर इन्सेंटिव्ह असेल तर तो फटका तुम्हालाच बसतो. मजकुराच्या प्रूफवर ग्राहकाची सही, निदान व्हॉट्सॲपवर लेखी होकार, घेतल्याशिवाय रिलीज ऑर्डर (जाहिरात छापण्याची वर्तमानपत्राला दिलेली लेखी सूचना) पुढे पाठवू नका.

कायद्याच्या दोन गोष्टीही आधीच वाचून ठेवा. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या 2016 च्या कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असलेल्या गृहप्रकल्पाची जाहिरात नोंदणीपूर्वी करता येत नाही, आणि नोंदणी क्रमांक तसेच प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीत ठळकपणे द्यावा लागतो. मधुमेह हमखास बरा करण्यासारखे दावे 1954 च्या औषधी व जादुई उपचारविषयक कायद्याखाली निषिद्ध आहेत. महिनाअखेरीस टार्गेट अपुरे असताना नेमक्या अशाच जाहिराती रोख पैसे घेऊन समोर येतात. त्या नाकारण्याची मुभा आहे का, हेही मुलाखतीत विचारा.