पोर्ट टाइप-सी, तरी 120 जीबी उतरायला दोन तास? केबल बदलू, हब बदलू की टॅब?

शिगमोवाला

गोव्यात फोंड्यातल्या शिगमो (शिमगा) मिरवणुकीचं चित्रण जागच्या जागी कार्डातून एसएसडीवर उतरवायचं आहे. लॅपटॉप सोबत न्यायचा नाही. मांडणी अशी: टाइप-सी टॅब, त्याला टाइप-सी हब, हबमध्ये एका बाजूला एसडी कार्ड (128 जीबी, यूएचएस-वन या वेगश्रेणीचं) आणि दुसऱ्या बाजूला एक टीबीची एसएसडी. कार्डात साधारण 120 जीबी. कॉपी व्हायला एक तास पन्नास मिनिटं लागतात. हबच्या खोक्यावर 5 जीबीपीएस आहे, एसएसडीवर 1,000 एमबी प्रति सेकंद, केबल 100 वॅटची. टॅबच्या माहितीपत्रकात फक्त ‘यूएसबी टाइप-सी’ आणि खाली बारीक अक्षरात 2.0.

यातलं नक्की काय बदलायचं? आणि मग सगळ्यांना एकच कनेक्टर करून मिळवलं काय, हाही प्रश्न आहेच.

केबलपिसा

उत्तर तुमच्या बारीक अक्षरातच आहे. टाइप-सी हे भोकाच्या आकाराचं नाव, वेगाचं नव्हे. त्या 24 पिनांच्या भोकामागे 2000 सालचं यूएसबी 2.0 असू शकतं (480 एमबीपीएस) किंवा थंडरबोल्ट असू शकतं (40 जीबीपीएस). बाहेरून दोन्ही सारखीच.

आता तुमचा आकडा जुळवून बघू. 480 एमबीपीएस (हे मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) म्हणजे कागदावर 60 एमबी प्रति सेकंद, हातात येतात 35 ते 40. पण तुमच्या मांडणीत डेटा एकाच पोर्टमधून दोनदा जातो: कार्डातून टॅबमध्ये आणि टॅबमधून एसएसडीत. यूएसबी 2.0 ला येण्याजाण्याची वाट एकच, फेरीबोटीच्या धक्क्यासारखी. एका वेळी एकाच दिशेला. म्हणून 36 चे उरले 18. 120 जीबी भागिले 18, म्हणजे 111 मिनिटं. तुमचे एक तास पन्नास. टॅब बिघडलेला नाही, त्याला जमतं तेवढं तो पुरेपूर करतोय.

यूएसबी 3 मध्ये जायच्या तारांची जोडी वेगळी, यायची वेगळी. तिथे हा अर्धा वाटा कापला जात नाही. मग अडसर कार्डाचा: यूएचएस-वनची कमाल 104 एमबी प्रति सेकंद, प्रत्यक्षात 80 ते 90. 85 धरले तर हेच काम साडेतेवीस मिनिटांत. त्याच्या पुढे जायचं तर यूएचएस-टू कार्ड हवं, तसाच रीडर हवा आणि कॅमेराही. रीडर यूएचएस-टूचा नसेल तर ते महाग कार्ड निमूटपणे यूएचएस-वनच्या चालीने चालतं.

तर केबल आणि हब बदलून एक मिनिटही वाचणार नाही. टॅबच बदलावा लागेल.

मांडवीकाठ

केबलपिसा बाब, हिशोब बरोबर. पण टॅब बदलल्यावर ती 100 वॅटची केबल मध्ये आली तर पुन्हा तिथेच याल, म्हणून थोडं तिच्याबद्दल.

100 वॅट म्हणजे 20 व्होल्ट, 5 अँपिअर. एवढा प्रवाह न्यायला केबलमध्ये जाड तारा आणि ई-मार्कर नावाची चिप लागते, त्यामुळे केबल जाड दिसते, भारी वाटते. आत डेटाच्या तारा मात्र फक्त 2.0 च्या असू शकतात, आणि बहुतेक चार्जिंग केबलींत तशाच असतात. टॅबच्या खोक्यात येणारी केबलही बहुधा चार्जिंगपुरतीच, अगदी महागड्या टॅबचीसुद्धा. म्हापशाच्या बाजारात ‘फास्ट केबल’ मागितलीत तर वॅटवाली हातात पडेल. मागताना ‘10 जीबीपीएस, एक मीटर’ असं आकड्यात मागा.

लांबीही बघा. साध्या केबलीत 10 जीबीपीएस साधारण एक मीटरपर्यंत, 5 जीबीपीएस दोन मीटरपर्यंत. दोन-तीन मीटरची मऊ, बारीक, कापडी वेणीची केबल स्वस्तात मिळाली तर ती 2.0 चीच समजा.

नावांचा घोळ तर विचारू नका. 2008 चं 3.0 पुढे 3.1 जेन 1 झालं आणि नंतर 3.2 जेन 1. तिन्ही म्हणजे तेच 5 जीबीपीएस. 2022 पासून यूएसबीची संस्था स्वतःच सांगते की ग्राहकाला जीबीपीएसचा आकडा दाखवा. खोक्यावर नुसतं ‘3.2’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, 5 असेल, 10 असेल, 20 ही असेल.

काजूबोंडू

शिगमोवाल्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घालेना, म्हणून मी घालतो. एकच कनेक्टर झाला तो चार्जरसाठी. युरोपचा नियम 28 डिसेंबर 2024 पासून टॅबलाही लागू आहे, पण तो चार्जिंगच्या भोकापुरता. त्या भोकातून डेटा कितीच्या वेगाने जावा याची सक्ती त्यात नाही. कंपन्यांनी पळवाट शोधली असंही नाही, वाट उघडीच होती.

आयपॅडचंच बघा. नववी पिढी (2021) लाइटनिंग (अ‍ॅपलचा स्वतःचा जुना कनेक्टर), 480 एमबीपीएस. दहावी (2022) टाइप-सी, 480 एमबीपीएस. भोक बदललं, वेग तोच. उलट 2015 च्या 12.9 इंची प्रोला लाइटनिंग असूनही खास अडॅप्टरने यूएसबी 3 चालत होतं. म्हणजे जुन्या कनेक्टरला उगाच बोल लावू नये.

आणि मजबुतीचं म्हणाल तर मला लाइटनिंगच बरं वाटतं. त्यात जीभ केबलला असते, मोडली तर केबल टाका. टाइप-सीत ती पातळ जीभ टॅबच्या पोर्टात. मोडली तर टॅब उघडावा लागतो.

केबलपिसा

जिभेचं अर्धंच खरं. टाइप-सीत झिजणारे स्प्रिंग-संपर्क केबलच्या टोकात ठेवलेत, पोर्टात नाहीत, आणि ते मुद्दाम तसं केलंय. लाइटनिंगमध्ये नेमकं उलटं: स्प्रिंग पोर्टात, उघड्या पट्ट्या केबलला. आपल्या खाऱ्या, दमट हवेत लाइटनिंग केबलची एक पट्टी काळी पडलेली कितीदा दिसते, ती वीज नेणारी. त्यामुळे ‘कोण टिकतं’ यात एकाला पूर्ण गुण देता येत नाहीत.

आयपॅडच्या उदाहरणात एक गंमत राहिली. दहाव्या पिढीच्या आयपॅडला टाइप-सीतून 4के पडदा जोडता येतो. म्हणजे वेगवान पिना तिथे आहेत, पडद्यासाठी वापरल्याही जातात, फक्त यूएसबी 3 दिलेलं नाही. म्हणून ‘पडदा चालतो, तर डेटाही वेगात जाईल’ हा अंदाज चुकतो.

शिगमोवाला

आकडा तंतोतंत जुळला, मान गये. आता टॅब कोणता ते सांगा. शिवाय एक नवीन कोडं: तोच हब 5 जीबीपीएसच्या एका उसन्या टॅबला लावला तर कधी 85 एमबी मिळतात, कधी 18 वरच अडतं. कार्ड तेच, एसएसडी तीच, फाइलही तीच.

मांडवीकाठ

आधी कोडं. हबची पिन (केबलचं टोक) टॅबमधून काढा, उलटी करून पुन्हा लावा आणि 5 जीबीची एकच मोठी फाइल कार्डातून एसएसडीवर घड्याळ लावून कॉपी करा. 85 ने जवळपास एक मिनिट, 18 ने साडेचार मिनिटांच्या वर. दोन्ही बाजूंनी करून बघा.

टाइप-सी दोन्हीकडून लागते, पण वेगवान तारांचे पोर्टात दोन संच असतात, जिभेच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. पिन कशी लावली त्यावर टॅब त्यातला एक संच निवडतो. यूएसबी 2.0 च्या पिना मधोमध, त्या दोन्ही बाजूंना चालतात. म्हणून एका संचाच्या पिनांवर मळ किंवा गंज असेल तर जोडणी तुटत नाही, काही सूचनाही येत नाही, गुपचूप 2.0 वर उतरते.

एका बाजूने वेगात, उलटं लावल्यावर संथ: दोष टॅबच्या पोर्टात. दोन्ही बाजूंनी संथ: हबची पिन किंवा केबल. कुठल्याही बाजूने कधी असं कधी तसं: पिन पूर्ण बसत नाही. टॅबचं जाड कव्हर काढून बघा, बरेचदा तेच निघतं.

पोर्ट साफ करायचं तर टॅब पूर्ण बंद करा, बॅटरीच्या उजेडात जीभ बघा. तळाशी दाबून बसलेला कापसासारखा मळ लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने बाहेर ओढा, जिभेवर जोर नको. हिरवट-पांढरा थर असेल तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला मऊ ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. टाचणी, सुई लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय तर सोडूनच द्या, पीठ पोर्टात जातं. पावसाळ्यात हब आणि केबली झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या तर चवथीपर्यंत हिरव्या होणार नाहीत.

अजून एक: हबला त्या वेळी एचडीएमआय जोडलेली होती का? 4के 60 हर्ट्झ देणारे काही हब वेगवान तारांच्या चारही जोड्या पडद्याला देऊन टाकतात, आणि डेटाला उरतं 2.0. पडदा काढला की वेग परत.

केबलपिसा

टॅबचं. आयपॅडमध्ये 2018 पासूनचे प्रो 10 जीबीपीएस, 2021 पासूनचे प्रो 40. एअरची चौथी पिढी (2020) आणि मिनीची सहावी (2021) 5 जीबीपीएस, एअरची पाचवी (2022) 10. तुमच्या कामाला 5 पुरे, कारण कार्डच 85 ला थांबतं. त्यासाठी प्रो घेणं म्हणजे शेतात बैलगाडी न्यायला सहापदरी रस्ता. सॅमसंगमध्ये टॅब एस9 ला 3.2 जेन 1 आहे, एस9 एफईला 2.0. नावात दोन अक्षरांचा फरक, म्हणून दुकानात पाटी वाचून घेऊ नका, कंपनीच्या तपशीलपानावर जीबीपीएसचा आकडा शोधा. नुसतं ‘टाइप-सी’ लिहून पुढे काहीच नसेल तर 2.0 धरून चाला.

मिरवणुकीत कॉपी करताना:

एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट32 घेतलीत तर 4 जीबीच्या वरची फाइल जात नाही, आणि सलग चित्रणाची फाइल तेवढी सहज होते.

टॅबचा ऑटो-लॉक बंद ठेवा आणि फाइल्सचं अ‍ॅप समोरच असू द्या.

हबला बाहेरून वीज द्या, पॉवर बँक चालेल. हब, रीडर आणि एसएसडी तिघांना टॅबच्या बॅटरीवर पोसायला गेलात तर एसएसडी मध्येच सुटते. एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंदवही) नसतं, त्यामुळे लिहिता लिहिता सुटली तर फोल्डरच गायब होऊ शकतो. ढोलताशाच्या गर्दीत हबला धक्का लागला तरी हेच.

आयपॅडवर ड्राइव्ह काढायचं बटण नाही. प्रगतीचं वर्तुळ संपल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा, मगच ओढा. कार्ड पुसण्याआधी दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, आणि शेवटची फाइल एसएसडीवरून उघडून पुढे ढकलून बघा. अर्धवट कॉपी बहुधा तिथेच सापडते.

काजूबोंडू

नवा टॅब येईपर्यंत एक तडजोड. सध्याच्या टॅबच्या पोटात 120 जीबी मोकळी असेल तर एसएसडी न जोडता कार्ड आधी टॅबमध्येच उतरवा. एकच दिशा, म्हणजे 36 एमबी, पंचावन्न मिनिटांत कार्ड मोकळं. एसएसडीवर रात्री घरी टाका. एकूण वेळ तेवढाच, पण कार्ड निम्म्या वेळात पुन्हा कॅमेऱ्यात. 64 जीबीचा टॅब असेल तर हा मार्ग बंद.

आणि घरी वायफाय-5 चा बरा राउटर असेल तर त्याच खोलीत बसून टॅबमधून, राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर वायफायने पाठवून बघा. दोन अँटेनांच्या टॅबला 866 एमबीपीएसची जोडणी मिळते, हातात 50 एमबीच्या आसपास पडतात. तुमच्या टाइप-सी केबलपेक्षा जास्त!

शिगमोवाला

उलटी लावून बघितली. एका बाजूने 58 सेकंद, दुसऱ्या बाजूने 4 मिनिटं 40. जिभेच्या एका टोकाच्या पिनांवर हिरवट थर दिसतोय. आयसोप्रोपिल आणायला निघालो.