मदत हवी आहे: जुळ्या भाच्या, एकीच्या डोक्याला मार

नमस्कार मंडळी. माझ्या दोन भाच्या, एकसारख्या जुळ्या, वय १४. एक पंचवटीत बहिणीकडे, दुसरी तान्ही असतानाच निफाडला नणंदेला दत्तक दिली. लिहिताना दोघी जीभ दातांत धरतात, अगदी सारखीच!

तीन वर्षांपूर्वी धाकटी, म्हणजे निफाडची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली, थोडा वेळ बेशुद्ध होती. सीटी स्कॅन नॉर्मल, टाके घालून घरी. तेव्हापासून पाढा म्हणता म्हणता मधेच थांबते, गोंगाटात डोकं धरून बसते. सगळे म्हणतात, ‘खेड्यातली शाळा, दुसरं काय!’ मला नाही पटत. चौथीपर्यंत हीच पुढे होती, शाळा तीच.

१९७४ साली सोलमध्ये जन्मलेल्या जुळ्या बहिणींबद्दल वाचलं. एक दोन वर्षांची असताना बाजारात हरवली आणि पुढे अमेरिकेत वाढली. दोघींच्या बुद्ध्यांकात १६ गुणांचा फरक निघाला. अमेरिकेतलीच मागे होती, आणि तिच्या डोक्याला तीनदा मार बसला होता. एरवी वेगळ्या वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे बुद्ध्यांक बरेच जवळ असतात. मेंदूला बसलेला हादरा सीटीत बहुधा दिसतही नाही.

नाशिकमध्ये मुलांची स्मरणशक्ती, एकाग्रता नीट तपासणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट कुणाला माहीत आहेत का? की मुंबईच गाठावी? कुणाच्या मुलाला असा मार लागून नंतर फरक पडला असेल, तर काय केलंत तेही कृपया सांगा. पुढच्या वर्षी तिची दहावी आहे.